चौथी फेरी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज परत त्याचा फोन. दर रविवारी येतो — ओवेन. आपल्या सम्यकच्या जहाजावरचा चीफ ऑफिसर. जहाज कलंडलं तेव्हा यानंच लाइफबोट तीनदा मागं वळवली आन पाण्यातली माणसं ओढून काढली. पदक मिळालं त्याला. सगळे म्हणतेत, काय काळजाचा माणूस!

माझं पोरगं नाय आणलं त्यानं. मग मला काय त्याचं?

तो वेल्सचा म्हणं. इंग्लंडचा म्हणलं की चिडतो, करुणा सांगत होती. बाप मासेमारी करायचा, हा सोळाव्या वर्षीच बोटीवर चढला. मी म्हणलं, असंल. त्याची जन्मकथा कुणाला ऐकायची हाय? करुणाला कौतुक लई! भाऊ गेला कुठं त्याचा पत्ता नाय, आन ही त्याच्या साहेबाशी हसून बोलती.

१२ फेब्रुवारी

आज यांनी विषय काढलाच. "सुलेखा, वर्ष होऊन गेलं. भंतेजींना बोलवू. सम्यकचं जलदान करून टाकू."

करून टाकू! मेलेल्याचा विधी म्हणजे अंगणाची झाडलोट हाय का? देह मिळाला नाय, कपड्याची चिंधी मिळाली नाय. आन पाण्यात गेलेल्या लेकराला परत पाणीच द्यायचं? मी ताट आपटून उठले. हे उपाशीच पडेगावच्या स्टॉपवर जाऊन बसले.

जलदानाला पांढरी साडी नेसले की संपलं. मग तो खरंच गेला. मी नाय नेसणार.

१३ फेब्रुवारी

शहागंजात जाऊन सम्यकच्या नंबरला रिचार्ज मारला. दुकानदार आता काय विचारत नाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

विचारलं आज! करुणाला म्हणलं, विचार त्याला — चौथ्यांदा का नाय वळवली बोट? ती विचारीना. "आई, असं विचारतेत का कुणाला?" मग मीच फोन हिसकावला. जहाजावरच्या आपल्या पोरांसंग राहून मोडकंतोडकं हिंदी येतं त्याला.

म्हणला, "अम्मा, बोट में जो थे, वो ठंड से मर रहे थे. उनको लेके जाना पड़ा."

"और मेरा?"

"आवाज़ आ रहा था, अम्मा. रोज़ आता है."

म्हणजे ओरडत होतं कुणीतरी! आन हा निघून आला! माझं डोकंच फिरलं. म्हणलं, फिर फोन मत करना. मरा तो भी मत करना.



२३ फेब्रुवारी, रविवार

फोन नाय आला. बरं झालं.

भात करपला.

२७ फेब्रुवारी

वाळूजहून कँटीनची पाळी करून आले तर करुणा दारातच रडत उभी. वाचलेल्या पोरांच्या ग्रुपवर आलंय — ओवेन गेला. त्याच्या गावाकडं वादळात दोन पोरं होडीसकट वाहून चालली होती. गावच्या बचावबोटीवर हा सुट्टीत आपणहून काम करायचा. तसाच गेला. पोरं सापडली. लाटेनं हाच गेला. शोधतेत अजून.

जीभ का नाय झडली माझी!

मी बोलले म्हणून गेला का तो? हे म्हणाले, "तो जाणाराच होता, सुलेखा. तू बोलली असती नसती, तरी गेला असता." असंल. पण मी बोलले ना!

४ मार्च

शोध थांबवला म्हणं तिकडं. तो पण नाय मिळाला.

९ मार्च, रविवार

फोन वाजला. नंबर त्याचाच! करुणाला हाक मारली, मगच उचलला.

त्याची आई होती. करुणा मधी बसून दोघींचं दोघींना सांगत होती. म्हातारी म्हणली, पोरानं सांगून ठेवलं होतं — मी नसलो तर रविवारी तू त्या घरी फोन कर, त्या बाईंचा राग रास्त हाय.

मला हुंदकाच आला. ती रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही वर्षभर वाट बघताय. कशी बघायची? मला सांगा, मी पण तशीच बघीन."

आन माझ्या तोंडून निघून गेलं, "बघू नका, बाई. येत नसतेत ते."

करुणा माझ्याकडं बघतच राहिली. पुढं सांगायचं विसरली.

१० मार्च

यांना म्हणलं, भंतेजींना बोलवा. नावं दोन घ्यायचीत म्हणून सांगा.