जर्मन रेकॉर्डची दुसरी बाजू

बाबा, तुझी ती जर्मन रेकॉर्ड माझ्याकडे आहे. तू गेल्यावर स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, वायरींची भेंडोळी सगळं काकाच्या पोरांनी नेलं. हीच तेवढी नको म्हणाले, आता रेकॉर्ड कोण लावतंय. कळंबोलीच्या फ्लॅटमध्ये कपाटावर पडून असते, आणि धूळ झाडायला हातात घेतली की मला तुझा राग येतो. इतकी वर्षं झाली तुला जाऊन, पण राग काही कमी व्हायचं नाव घेत नाही.

मामाने जहाजावरून आणली होती ती. ताटाएवढी काळी रेकॉर्ड आणि तिच्यावर गाणं एकच. एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला त्याचंच ‘अल्टरनेटिव्ह मिक्स’, म्हणजे तेच गाणं वेगळं जुळवलेलं. तू उलटसुलट करून बघितलीस. ‘‘एवरी मोठी रेकॉर्ड न् गानं एकच? फसवला तुझ्या मामाला कोनीतरी.’’ मशीनवर केलेल्या त्या भरधाव नाचगाण्याला हार्ड ट्रान्स म्हणतात हे मला पुढे कॉलेजात कळलं. वर फिरायचा वेग ४५ छापलेला, पण तुझ्याकडच्या सिनेमाच्या रेकॉर्डी सगळ्या ३३ च्या, म्हणून हीसुद्धा तू ३३ वरच लावलीस. तिकडे ऊर फुटेस्तोवर धावणारं गाणं आपल्याकडे चालत आलं आणि हळदीच्या नाचाला असं फिट्ट बसलं की उरणमध्ये जिथे तुझा भाड्याचा साउंड, तिथे ‘जर्मन लाव’ ही फर्माईश ठरलेली. मी एकदा बटण ४५ वर सरकवलं तर हातावर फटका मारलास. ‘‘शानी झाली मोठी!’’

आणि आई धवलारीण. लग्नात धवले गाणारी, तिच्या आवाजाशिवाय आपल्याकडे कुणाला हळद लागत नव्हती. मग तुझे स्पीकर आले. आई बायकांत बसून धवला उचलायची आणि तुझं धडधड सुरू व्हायचं. त्याबद्दल घरात कधी तक्रार केली नाही तिने.

मोरा गावातली ती हळद आठवते का रे तुला? मला कालच्यासारखी आठवते. तू जेवायला बसलायस, मशीन माझ्याकडे आहे, मी दुसरी बाजू लावलीय. त्या बाजूला मध्येच ढोल थांबतो, चांगला बराच वेळ, आणि एकटी बारीक धून उरते. ३३ वर ती खाली उतरून बरोबर आईच्या पट्टीत येते. नवरीच्या गालाला हळद लावता लावता आईने ती धून धरली आणि तिच्यावर धवला सुरू केला. माइक नाही, काही नाही. नाचणारे जागच्या जागी थांबले. मागून म्हाताऱ्यांनी सूर दिला. आई गं, काय होतं ते! तसं मी पुन्हा आयुष्यात ऐकलं नाही.

तू उष्ट्या हाताने उठून आलास. सुई उचललीस. ‘‘हलद हाय ही, मयत नाय! लोका नाचाला आलीत.’’ आणि पहिली बाजू लावलीस. सगळे हसले. आईसुद्धा हसली. तुझं बोलणं मी एक वेळ विसरेन, बाबा, तिचं ते हसणं विसरता येत नाही. त्यानंतर कुणी कितीही गळ घातली तरी ती गायली नाही. ‘‘मशीन हाय ना आता,’’ म्हणायची. टेम्पोतून परत येताना मी तुला विचारलं, असं का केलंस? ‘‘तिला काय वाईट वाटला नाय. तिलाच इचार.’’ ती समोरच बसलेली, स्पीकरच्या खोक्याला टेकून. मी विचारलं नाही.

आता माझ्या मुलाचं लग्न ठरलंय. मी मनाशी पक्कं केलं होतं: त्याच्या हळदीला दुसरी बाजू लागणार, ३३ वरच, आणि आई गाणार. बघू कोण सुई उचलतंय. नवा प्लेयर घेतला. रविवारी आईला खुर्चीत बसवलं, रेकॉर्ड लावली. ढोल थांबला, धून आली. म्हटलं, आई, म्हण ना.

आई नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘ही नको गो. पयली बाजू लाव. तिच्यावर तुझा बाबा काय नाचाचा!’’ आणि हसली, तश्शीच, मोऱ्याच्या त्या हळदीत हसलेली तशी. दुखऱ्या गुडघ्यांनी चालवत नाही तिला, पण पाय खुर्चीखाली ठेका धरू लागले.

‘‘आणि धवला?’’

‘‘त्याचा काय येवरा? तवा लोकांना नाचाचाच होता.’’

म्हणजे हेही तूच जिंकलास. जिच्यासाठी मी एवढी वर्षं तुझ्याशी भांडत बसले, ती भांडण टाकून कधीच निघून गेलेली, आणि मला सांगायचंसुद्धा तिला सुचलं नाही. तिने तुला माफ केलंय की माफ करण्यासारखं तिला काही वाटलंच नाही, देव जाणे. मला मात्र जमत नाहीये.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, फाडून टाकीन. तेवढ्यापुरतं तुला सांगते: पहिली बाजू मी लावली नाही. आईला म्हटलं, सुई मोडली. मोडली नव्हती. काल तिने पुन्हा विचारलं, ‘‘सुई आनलीस का गो?’’ मी म्हटलं, मिळत नाही.