सगळ्या पोरी ओके

१६ एप्रिल २०१९, मंगळवार

बबिताची आई गेली. दुपारी मुखेडहून तिच्या वडिलांचा, व्यंकटीरावांचा फोन आला. रुक्मिणबाई उन्हातून घरी आल्या, डोकं दुखतंय म्हणून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत! मी म्हटलं, पोरीला आत्ता एस.टी.त बसवून देते. तर म्हणाले, "न्हाई मॅडम. तिला सांगूच नका. नीटच्या परीक्षेला एकोणीस दिस राहिलेत. दोन वर्सं झाली पोर लातूरला हाय. आता घरी आली तर परत पुस्तक हातात धरायची न्हाई."

हॉस्टेलच्या मालकांना विचारलं. "बापच नको म्हणतोय, तर आपण कोण? परीक्षेपर्यंत सगळं ओके. ओके?" दुसऱ्या ओकेला डोळे वटारलेले. मी मान हलवली. इथली रेक्टर मी, पण नोकरच ना!

संध्याकाळी खोल्याखोल्यांतून हजेरी घेतली. बबिता पेशीची आकृती काढत होती. तिच्या नावापुढे ओके लिहिलं आणि पालकांच्या ग्रुपवर रोजचा मेसेज टाकला — सगळ्या पोरी ओके. त्या ग्रुपवर व्यंकटीरावही आहेत.

१७ एप्रिल

जेवण गेलं नाही.

१९ एप्रिल

हा ओके शब्द आता कानाला टोचायला लागलाय. नळाला थेंब नाही आणि मोटारवाला म्हणतो, ओके हाय. क्लासच्या सरांनी बबिताच्या टेस्टवर लाल पेनानं ओके लिहिलंय — म्हणजे बरं आहे, पण डॉक्टर होण्याइतकं नाही. पोरींना दिवे बंद करा म्हटलं की "ओके मॅम" — म्हणजे करणार नाही!

मी तो पहिल्यांदा ऐकला त्र्याण्णवला, भूकंपात. अकरा वर्षांची होते. मदतीच्या तंबूत बाहेरून आलेला एक डॉक्टर होता, त्याला मराठी येत नव्हतं. सुई टोचली की ओके, बिस्किटं दिली की ओके. मी विचारलं, आई? तो म्हणाला, "ओके, ओके." बिचाऱ्याला म्हणायचं असेल, रडू नको. पण मावशीनं तोच शब्द धरून ठेवला. तुझी माय सोलापूरच्या दवाखान्यात हाय, ओके हाय. मी आईसाठी बिस्किटांचे पुडे साठवत बसले. पंधरा दिवस! शेवटी पाण्याच्या टँकरपाशी एका बाईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बिनमायची पोर." तेव्हा कळलं. मावशीशी पुढे कधी धड बोलले नाही. ती वारली तेव्हासुद्धा गेले नाही.

दर वर्षी नव्या पोरी आल्या की पहिल्याच दिवशी त्यांना हे सांगते. आणि वर सांगते — मी तुमच्याशी कधी खोटं बोलणार नाही.

२१ एप्रिल, रविवार

घरी फोन करायचा दिवस. पोरींकडे मोबाईल नाहीत, माझ्याच फोनवरून माझ्यासमोर बोलायचं, स्पीकर लावून. बबितानं बापाला लावला.

"माय कुठंय?"

"रानात गेलीय."

"एवढ्या उन्हाचं?"

"ओके हाय गं. तू अभ्यास कर."

"घरात एवढी माणसं कशाची बोलून राहिलीत?"

"टीव्ही लागलाय."

फोन परत देताना माझ्याकडे बघितलं नाही तिनं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं होतं.

२२ एप्रिल

मेसमध्ये ताट घ्यायला आली आणि माझ्यापाशी थांबली. "मॅडम, माझी माय बरी हाय ना? खरं सांगा." अगदी डोळ्यांत बघून.

"हो गं. काल सकाळीच बोलल्या माझ्याशी. ओके आहेत."

निघून गेलं तोंडातून! ती हसली. दोन पोळ्या जास्त वाढून घेतल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. मावशी, तुलाही असंच सुचलं होतं का गं?

२८ एप्रिल, रविवार

आज फोनवर तिनं आईचं नावसुद्धा काढलं नाही. "बरं हाय बाबा. ठेवते." संपलं. मला सुटल्यासारखं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

४ मे

सांगायचंच, असं ठरवून जिना चढले. बबितानं प्रवेशपत्र, फोटो, पाण्याची बाटली — सगळं उशाशी नीट मांडून ठेवलेलं.

"मॅडम, उद्या संध्याकाळी मुखेडची गाडी कितीला हाय?"

साडेसहाला, म्हटलं. एवढंच बोलून खाली आले.

५ मे, रविवार

परीक्षा केंद्राच्या फाटकाशी व्यंकटीराव दुपारपासून उभे. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. पाचला पोरी बाहेर आल्या. बबितानं बापाला बघितलं आणि हात वर करून तो टॉवेल काढला. खाली भादरलेलं डोकं, केस नुकतेच उगवायला लागलेले! त्यांनी कडुलिंबाखाली नेऊन सांगितलं. ती मातीतच बसली. रडली नाही. मी खांद्यावर हात ठेवला, तो तिनं हळूच काढून बाजूला केला. पेपर कसा गेला, हे कुणी विचारलंच नाही.

६ मे

काल गाडीत चढताना एवढंच बोलली — "बाबा खोटं बोलून राहिलेत, हे मला पहिल्याच रविवारी कळलं होतं मॅडम. म्हणून तर तुम्हाला इचारलं."