शेटचे दोन फोन

गुरुवार, संध्याकाळ

आज मंडईत शोभा भेटली. लॉकडाऊनआधी युनिफॉर्मच्या कारखान्यात आमची मशिनं शेजारी होती. म्हणाली, "कारखाना सुरू झाल्यावर शेटनं तुला दोनदा फोन केला की. तुझ्या मालकांनी सांगितलं, ती येणार न्हाय, घरीच बरी हाय."

दोनदा. आणि ह्यांनी मला एकदाही सांगितलं नाही. माझा मोबाईल तेव्हा मुलीच्या ऑनलाइन शाळेला दिलेला, म्हणून कारखान्यात ह्यांचा नंबर होता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी दिवसभर घरात, चूल बंद व्हायची नाही. मला वाटलं, शेटच मला विसरले. सासूबाई जाऊनही आता दोन वर्षं झाली. मग त्यानंतर का नाही बोलले? मी घरात असलेली सोयीची म्हणून? अजून काय काय परस्पर ठरवलंय?

जेवताना विचारलं, "शेटचा फोन आला होता?"

"कधी?"

"दोनदा."

भाकरी मोडता मोडता थांबले. "आईकडं कोण बघणार होतं?"

म्हणजे आला होता. चूक झाली, असं काही म्हणाले नाहीत. आमटी मागितली. मी वाढली.

शोभाला फोन केला. उद्या नऊ वाजता तिच्याबरोबर कारखान्यात जाऊन शेटना भेटणार. ह्यांना विचारलेलं नाही.