रविवारची बैठक

गुढियारी, रायपूर

शर्मिष्ठाताई,

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही लेकाकडे पुण्याला गेल्या आणि आपली रविवारची बैठक बंद पडली, हे तुमाले सांगवत नाही. वाचलेलं पुस्तक एकमेकींना सांगता सांगता आपला चहा गार व्हायचा. आता कोणाले सांगू? पोट्टी म्हणते, "मम्मी, बाद में." हे सिलतऱ्याच्या प्लांटातून येतात, ते जेवतानाच पेंगतात. सासूबाई पाय मोडून पडल्या आहेत. त्यांचं करता करता मी थकून गेली, ताई.

काल दुपारी एक कादंबरी संपली आन् मले राहवलं नाही. सासूबाईंना भरवता भरवता गोष्ट सांगू लागली. त्यांना वाचता येत नाही, माझ्याशी बोलणंही कामापुरतंच. घर सोडलेली बाई स्टेशनवर पोचली, तिथवर सांगितलं. पाहते तर त्यांचं तोंड भिंतीकडे. काहून जीव शिणवू, म्हणून मी गप्प झाली.

त्यांनी माझा हात धरला.

"तो कूलर बंद कर," म्हणाल्या. "आयकू नाही येऊन राहिलं."

मे महिन्याच्या उकाड्यात मी कूलर बंद केला आन् पुढचं सांगू लागली.

तुमच्या बैठकीतली,
अपर्णा