सातवा टेकू

प्रिय चिंगशुई,

तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. या दिवसांत मी चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा कागद चुरगाळून मातीच्या बादलीत टाकला. तू विचारलंयस ते एवढंसंच आहे: ‘आपले गुरू साइहू मला एक दिवस त्यांच्या मूर्तींच्या कारखान्यात येऊ देतील का? जुन्या बाकावर बसून एक हात घडवायचा आहे, मग परत जाईन.’ उत्तरही तेवढंसंच आहे. पण ते आधी लिहिलं तर तू पुढचं वाचायचा नाहीस. शेवयांतलं अंडं आधी खाऊन वाटी सरकवणारा माणूस तू.

इकडचं सांगते. साइहू शहाऐंशी वर्षांचे झाले. डोळ्यांवर साय धरली आहे, बोटांना थंड-गरम कळत नाही, आणि कानाशी ओरडलं तरच ऐकू येतं. सून विचारते, ‘बाबा, जेवलात का?’ आणि ते म्हणतात, ‘भट्टी निवली की बघू.’ जीभ मात्र शाबूत आहे. रोज सकाळी कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कारागिराला विचारतात, ‘बोटं आहेत का केळी?’ पहिल्या वर्षी तुलाही हेच विचारायचे. नंतर तुझ्या बोटांबद्दल बोलायचेच बंद झाले. त्यांच्याकडून तेवढी स्तुती दुसऱ्या कुणाला मिळाली नाही, मलाही नाही.

गुरुपत्नी साइबू गेल्याचं तुला तेव्हाच कळवलं होतं. एक कळवलं नव्हतं. त्या शेवटपर्यंत म्हणायच्या, ‘चिंगशुई आला की डुकराच्या पायाच्या शेवया मीच करणार, सुनेनं हात लावायचा नाही.’ संकटातून सुटून घरी आलेल्यालाच आपण त्या घालतो. म्हणजे तू संकटात आहेस असं त्या घरात एका साइबूंनीच धरलं होतं. बाकी सगळ्यांनी तू चुकलास असं धरलं होतं.

माझं बरं चाललंय. तीन वर्षांपूर्वी शांघायला प्रदर्शन झालं. मी घडवते त्या चिनी मातीच्या बायकांना चेहरे नसतात. नुसती वस्त्रं, कागदाहून पातळ, आत दिवा लावला तर पलीकडे धरलेल्या बोटाची सावली दिसावी अशी. बाह्या अंगालगत खाली सोडलेल्या. एका जाणकार बाईंनी लेख लिहिला की युएच्याओच्या बायका कधीच हात पसरत नाहीत, यात फार मोठा संयम आहे. तो लेख मी साइहूंच्या कानाशी ओरडून वाचला. ते म्हणाले, ‘संयम कसला, लांब हात जमत नाही म्हणून सांग की!’ सगळे हसले. मीही हसले. म्हातारा बरोबरच बोलला होता. लांब हाताला भट्टीत खालून टेकू लावावा लागतो, आणि सव्वीस वर्षांत मी एकही टेकू लावलेला नाही.

त्या क्वानयिन देवीच्या मूर्तीबद्दल तुला काही सांगायला नको. तरी सांगते, कारण ती गोष्ट तू इतकी वर्षं एकाच बाजूने बघत आला आहेस. अकरा महिने साइहू तिच्यावर खपले होते. देवी लाटेवर उभी, आणि उजवा हात बुडत्याला द्यावा तसा पुढे, अंगापासून चांगली वीतभर. आपल्या तहुआत इतका लांब हात कुणी भट्टीत घातला नव्हता. तळवा आणि बोटं त्यांनी तुझ्याकडून करून घेतली. मूर्ती भट्टीत मांडली त्या दिवशी हाताखालचे सात टेकूही तूच लावलेस, एकेक नखाने वाजवून. पहिल्याच महिन्यात शिकवलेला धडा: टेकू त्याच मातीचा हवा आणि कच्चाच हवा. मूर्ती भाजताना सहावा हिस्सा आटते, कच्चा टेकूही तिच्याबरोबर आटतो आणि तिच्याबरोबर खाली बसतो. एकदा भाजून निघालेला टेकू आटत नाही. तो आपल्या उंचीला अडून राहतो आणि हात वर ढकलतो. चिकटू नये म्हणून पांढरी पूड फासली की दोन्ही सारखेच दिसतात. फरक आवाजात. कच्चा ‘थप्प’ बोलतो, पक्का ‘टण्ण’.

त्या संध्याकाळी मध्यशरदाचा सण होता. अंगणात फाशांचं वाडगं वाजायला लागलं होतं. मला चार लाल चौके पडले आणि पौर्णिमेचा सगळ्यात मोठा केक मी जिंकला. मला थोरली बहीण मानणारा तू ओरडलास, ‘आची, आज तुझ्या हातात देव बसलाय!’ आठवतंय?

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली. उदबत्ती लावून झाली, आणि साइहूंनी मला आत वाकायला सांगितलं. हात खांद्यापासून तुटला होता. बाहेर आणल्यावर त्यांनी मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. ‘खालून ढकललंय. पक्का टेकू गेलाय आत. कुणी लावले?’ तू म्हणालास, ‘मी.’ ‘वाजवून?’ ‘हो.’ ‘सातही?’ तू आपल्या नखाकडे बघितलंस आणि म्हणालास, ‘बहुतेक.’ तो एक शब्द तू बोलला नसतास तर त्यांनी कदाचित आणखी चौकशी केली असती. ‘ज्याला कच्चं-पक्कं कळत नाही त्याने फरशा वाहाव्यात,’ ते म्हणाले. ते रागाच्या भरात बोलले आणि तू आज्ञा समजून ऐकलंस. थेट फोशानला, फरशांच्या कारखान्यात. तिथल्या धुळीने तुझ्या छातीचं काय केलं ते तू दोन ओळींत लिहिलंयस. पुढे लिहिलंयस, ‘माझ्या बोटांनीच दगा दिला आची, त्यांच्यावर पुन्हा भरवसा ठेवता आला नाही. मरायच्या आधी एकदा त्यांना विचारायचंय.’ ती ओळ मी इतक्यांदा वाचली आहे की कागदाची घडी तिथे फाटली.

चिंगशुई, तू सातही वाजवले होतेस. तू हात धुवायला गेलास तेव्हा दार लावायच्या आधी मी शेवटचं बघायला वाकले. माझ्या बाहीचा धक्का लागून तळव्याखालचा टेकू पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. अंगणातून मला हाका येत होत्या, माझी पाळी आली होती. मी शेजारच्या टोपलीतून तेवढ्याच उंचीचा एक उचलला, पूड फासली आणि उभा केला. वाजवला नाही. ती टोपली वापरलेल्या टेकूंची होती हे मला तेव्हा समजलं नाही. मग जाऊन फासे टाकले. भट्टी उघडल्यावर आत वाकले तेव्हा तो मला दिसला. पूड उडून चकाकत होता आणि त्याच्या माथ्यावर तळव्याचा नखाएवढा तुकडा चिकटला होता, तू घडवलेल्या तळव्याचा. मी तो एप्रनच्या खिशात टाकला आणि मूर्ती बाहेर आणली. तू ‘बहुतेक’ म्हणालास तेव्हा तो माझ्या मांडीला लागत होता, अजून कोमट.

त्या दिवशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलायचं ठरवलं, तोवर तू गेला होतास. मग वाटलं, तू स्थिरस्थावर झालास की लिहीन. मग तुझं लग्न झालं, मग माझं नाव व्हायला लागलं, आणि दर वर्षी ते सांगणं थोडं जास्त अवघड होत गेलं. कारणं आणखीही आहेत. ती तुझ्यापुढे मांडायची मला लाज वाटते.

तुझं पत्र घेऊन मी साइहूंकडे गेले. ओरडून ओरडून सांगितलं की तो आजारी आहे, एक दिवस येऊ दे म्हणतोय. ते म्हणाले, ‘माझ्या जिवंतपणी नाही.’ काल परत गेले, टेकू घेऊन. सगळं सांगितलं, बाही, टोपली, खिसा. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाले, ‘तू पहिल्यापासून त्याला पाठीशी घालतेस.’ मी म्हटलं, साइहू, हा बघा तो टेकू. त्यांनी हातात घेतला, चाचपला. कानाशी नेऊन नखाने वाजवला. टण्ण! मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते तरी ऐकू आला असता. ते म्हणाले, ‘मुका आहे. कच्चाच आहे.’ मी परत वाजवला, त्यांच्या कानाला लावून वाजवला. ‘कच्चा,’ ते म्हणाले, आणि सुनेला हाक मारली, ‘हिला चहा दे गं. बघ, धाकट्यासाठी स्वतःवर आळ घेतेय. असं मन कुठे मिळतं?’ मी तो चहा प्यायले.

म्हणजे तुझं उत्तर: नाही. दार बंद आहे, आणि ते माझ्याने उघडत नाही. परवा तुझ्या सिउमेइचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस. डॉक्टरांनी तिला सांगितलंय की तुला आता ऑक्सिजनची नळी काढून दारापर्यंतही नेता येणार नाही, महिनाअखेर गाठली तरी पुष्कळ. ती म्हणाली, ‘आची, या म्हणून लिहा. ते येऊ शकत नाहीत हे तुम्हाला माहीत, मला माहीत, त्यांनाही बहुतेक माहीत असेल. नुसतं या म्हणा.’ मी तिला ‘हो’ म्हटलं आणि हे लिहायला बसले. सिउमेइ, तूच हे वाचून दाखवत असशील तर इथे थांबू नकोस. तुझा शब्द मी मोडला, पण तुझ्या नवऱ्याला मी एकदा फसवलंय, दुसऱ्यांदा जमेना. चिंगशुई, माफी मागत नाही. ती द्यायला तुझ्याकडे दम उरलेला नाही. सोबतच्या डबीत कापसात गुंडाळलेला तो टेकू आहे. माथ्यावरचा तुकडा तुझ्या हातचा आहे, त्याला अजून रेष दिसते. तुला तुझ्या बोटांना विचारायचं होतं ना? त्याला नखाने वाजव. नखात जोर नसेल तर सिउमेइला वाजवायला सांग आणि तू नुसता ऐक. तुझे कान अजून चांगले आहेत.

तुझीच,
जिला तू अजून आची म्हणतोस ती
युएच्याओ