पेट्या अजून उघडल्या नाहीत

११ जून

प्रिय दादा,

नमस्कार. तिकडे तू, वहिनी आणि छोटी मजेत असाल. इकडे आम्ही ठीक आहोत. पत्रास कारण असं काही नाही. फोनवर तू घाईत असतोस, मागून कुणीतरी ‘साहेब, गाडी लागली’ म्हणत असतं, आणि मी विचारायचं ते विसरून ‘बरं, ठेवते’ म्हणते. कागदावर निदान मध्येच कुणी हाक मारत नाही.

आधी चांगली बातमी. भट्टी आली! केवढाल्या लाकडी पेट्या, बाहेर परदेशी अक्षरं, कुठली बाजू वर ते दाखवणारे बाण. ट्रक गल्लीच्या तोंडाशी अडकला तेव्हा पॉलिशवाल्या काकांनी स्वतःच्याच दुकानाचा ओटा घणाने फोडून वाट करून दिली. मी म्हटलं, "काका, अहो ओटा!" तर म्हणाले, "भट्टी येतेय बारके, ओट्याचं काय घेऊन बसलीस!" पेट्या गल्लीसाठी काढलेल्या आमच्या सामायिक केंद्राच्या हॉलमध्ये गेल्या तेव्हा माणसांनी टाळ्या वाजवल्या. तू हवा होतास.

त्या अजून उघडल्या नाहीत, एवढंच.

करारात आहे की पेट्या भट्टी देणाऱ्या परदेशी संस्थेच्या इंजिनिअरसमोरच उघडायच्या, नाहीतर हमी रद्द. तो इंजिनिअर येऊन गेला. ताडमाड उंच, दारातून वाकून आत येणारा, फार साधा माणूस. त्याने जमीन तपासली, ठीक म्हणाला. वीज तपासली आणि मान हलवली. म्हणाला, स्वतंत्र लाइन आल्याशिवाय हिला हात लावता येणार नाही, मिनिटभर वीज गेली तरी आतला माल वाया जाईल. वीज कंपनी म्हणते, लाइन देतो, पण हॉल केंद्राच्या नावावर करा. हॉल अजून तंत्रनिकेतनाच्या नावावर. प्राचार्य म्हणतात, मी आजच देतो, पण खात्याचा आदेश हवा. खातं म्हणजे तुमचंच. तो कागद तुझ्याच टेबलावर असेल असं इथे सगळे म्हणतात. मी सांगते, खातं मोठं आहे, टेबलं पुष्कळ आहेत.

केंद्रातली माझी नोकरी मात्र चालू आहे. दर महिन्याला चारही भागीदारांना अहवाल पाठवते: तुमचं खातं, तंत्रनिकेतन, कारखानदार संघ आणि परदेशातली ती संस्था. ‘काम प्रगतिपथावर आहे’ हे वाक्य टाइप करताना हल्ली मला कीबोर्डकडे बघावंही लागत नाही.

गल्ली शांत आहे. तू करारावर सह्या झाल्या त्या दिवशी आला होतास, त्यानंतरची पाहिली नाहीस. ऑपरेशनच्या कात्र्या आणि चिमटे घडवणारी ही गल्ली, दोन घरांत एक भट्टी, सकाळपासून ठोकाठोक. आता पलीकडच्या घरातला कुकरही ऐकू येतो. बाहेर देशात आपला माल परत का येत होता ते मला पटलं होतं, अजूनही पटतं. एक कात्री कडक, एक नरम, कोण घेईल? सगळ्यांचा माल एकाच मोठ्या भट्टीत तापवून, विझवून त्याला सारखं पाणी द्यायचं, सारखाच कडक करायचा, ही कल्पना वाईट नव्हतीच. फक्त जुन्या भट्ट्या आधी मोडायच्या ही अट होती ना, आपली बांधिलकी दिसावी म्हणून. तू बाबांना सगळ्यांसमोर म्हणालास, "बाबा, सुरुवात आपल्यापासून करू या." बाबांनी दुसऱ्याच दिवशी मोडली. ज्यांच्या हातचं पाणी गल्लीत सगळ्यात नावाजलेलं त्या पाणीवाल्यांनीच मोडली म्हटल्यावर बाकीच्यांनी मागे राहायचं कशाला? आठवड्याभरात गल्ली थंड झाली.

आता घडवलेल्या कात्र्या पाणी न देता पडून आहेत. दोघे-तिघे माल दुसऱ्या गावाला पाठवून पाणी देऊन आणतात, पण येण्याजाण्यातच कमाई जाते. बाकीच्यांनी दुकानांना कुलपं लावली.

तू विचारशील म्हणून लिहिते. बाबांचा खोकला पुष्कळ कमी आहे. भट्टीचा धूर नाही ना.

आई म्हणते, छोटीचा फोटो पाठव.

तुझी
बारकी


२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

मागच्या पत्राला उत्तर नाही आलं, पण आदेश आला, म्हणजे पत्र पोहोचलं असं आम्ही धरून चाललो. बाबांनी तो आदेश हातात घेऊन दोनदा वाचला. खाली तुझी सही बघून म्हणाले, "अक्षर सुधारलंय त्याचं."

हॉल केंद्राच्या नावावर झाला, वीज कंपनीने खांबही रोवले. मग त्या संस्थेकडून पत्र आलं, की त्यांच्या सरकारने सगळ्या परदेशी भागीदाऱ्यांचा फेरविचार सुरू केलाय, तोवर त्यांच्या कुणालाही प्रवास करता येणार नाही. तुला हे आधीच माहीत असेल. त्या उंच इंजिनिअरने मला वेगळी चार ओळींची मेल पाठवली: मला फार वाईट वाटतं, मी रजा टाकून स्वतःच्या खर्चाने यायलाही तयार होतो, पण परवानगी मिळाली नाही. मी ती संघाच्या बैठकीत वाचून दाखवली. ऐकून माणसं उठली आणि घरी गेली. भांडायला समोर कुणीतरी वाईट माणूस लागतो रे.

आईचं गुडघ्याचं दुखणं तसंच आहे. कोपऱ्यावरचं चहाचं दुकान बंद झालं. बाबा कामाला जातात. तब्येत बरी आहे.

हे इथपर्यंत लिहून मी पत्र बंद केलं होतं. आज ऑफिसला कळलं की सतरा तारखेला मंत्री, जुन्या संस्थेच्या जागी येणाऱ्या नवीन भागीदार संस्थेची माणसं आणि तुमचं खातं मिळून केंद्र पाहायला येणार. यादीत तुझं नाव आहे. म्हणून पुन्हा उघडलं.

बाबा कुठे कामाला जातात ते सांगते.

पेट्यांचा विमा उतरवायला विमा कंपनीने पहारेकरी मागितला. पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीला जवळपास राहणारा माणूस हवा होता. ही जागा निघाल्याचं मी घरी बोलता बोलता सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा केंद्रात आले आणि माझ्या टेबलासमोर, इतर लोक उभे राहतात तसे उभे राहिले.

"जागा आहे ना?"

"बाबा, चेष्टा करू नका."

"चेष्टा कसली? घरी बसून आईला पिडण्यापेक्षा बरं. आणि ती भट्टी उघडतील तेव्हा मी तिथे असेन. बघायचीय मला."

मी नाही म्हटलं. ते तिथून हललेच नाहीत. शेवटी एजन्सीच्या माणसाने माझ्यासमोरच त्यांचा अंगठा हजेरीच्या मशीनवर घेतला. तो उमटेना. इतकी वर्षं आगीजवळ काम करून बोटांवरच्या रेषा गेल्यात. मग करंगळी चालली. बाबा हसले, म्हणाले, "चला, एक तरी कामाचं आहे."

खाकी शर्ट मोठा होता, आईने खांद्यात आत घेतला.

वाईट हे नाही. बाबा फाटकावर बसतात आणि गल्लीतली माणसं समोरून जातात. पहिल्या आठवड्यात पॉलिशवाले काका थांबले. मला वाटलं गप्पा मारतील. काका एवढंच म्हणाले, "पाणीवाले, आमच्या भट्ट्या मोडायला लावल्या आणि स्वतः बरे सरकारी खुर्चीवर बसलात." बाबांनी ती खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, "बस रे" म्हणाले. काका निघून गेले. त्या दिवसापासून बाबा उभेच असतात. खुर्ची भिंतीला लावलेली आहे.

त्यांनी मला बजावलंय की दादाला कळवायचं नाही. मी विचारलं, "लाज वाटते का तुम्हाला?" तर म्हणाले, "लाज कसली. त्याला करता येण्यासारखं असतं तर त्याने केलं असतं. नाही येत, तर उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला?"

मी त्यांचं ऐकलं नाही, कारण सतराला तुझी गाडी त्याच फाटकातून आत येणार आहे. त्या दिवशी त्यांना रजा घ्या म्हटलं, तर एजन्सी म्हणते सगळे हजर हवेत, गणवेशात. बाबाही नाही म्हणाले. दादा, तू उतर असं मी म्हणत नाही. मंत्र्यांच्या मागे गाड्या लागलेल्या असतात, मध्येच कुणी उतरत नाही, हे मला कळतं. एवढंच, की तू अचानक पाहू नयेस. आधी माहीत असलं म्हणजे माणूस निदान चेहरा सांभाळतो.

वहिनीने पाठवलेला छोटीचा फोटो मिळाला. दात पडलेत तिचे! आईने कपाटाच्या दाराला आतून लावलाय.

तुझी
बारकी


१९ नोव्हेंबर

दादा,

परवा संध्याकाळी तू फोन केलास, आईशी बोललास, गोळ्यांचं विचारलंस, पुढच्या गावाला जायचं होतं म्हणून घरी येता आलं नाही म्हणालास. आईने ‘हो रे, हो रे’ केलं. फोन माझ्याकडे येईपर्यंत ठेवला होतास.

म्हणून तुला माहीत नाही ते लिहिते, आणि मला माहीत नाही ते विचारते.

हॉलमध्ये मी तुझ्यापासून चार माणसं सोडून उभी होते. तू छान बोललास. नवीन संस्थेबरोबर करार, दुसरा टप्पा, आपल्या मालाची जगात पत. पेट्यांवर आम्ही सकाळी फडकं मारलं होतं. नव्या संस्थेच्या बाईंनी एका पेटीवर हात ठेवून काहीतरी विचारलं. मग मंत्र्यांच्या माणसाने सगळ्यांसाठी मराठीत सांगितलं की हे मॉडेल आता जुनं झालंय, नव्या टप्प्यात नव्याने अभ्यास होईल. पॉलिशवाले काका मागच्या रांगेत होते. त्यांनी टोपी घातली आणि शांतपणे बाहेर गेले. तू तेव्हा कागद चाळत होतास. काय करणार होतास म्हणा. मीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या तेव्हा.

आता फाटकाचं.

तुमच्या गाड्या आत आल्या तेव्हा मी पायऱ्यांवर फुलं घेऊन उभी होते. बाबा दोन्ही हातांनी फाटक धरून उभे होते, कारण ते वाऱ्याने मिटतं. पहिली गाडी गेली, दुसरी गेली. तिसरी तुझी. ती जरा हळू झाली. म्हणजे मला तसं वाटलं, पुढची थांबली म्हणूनही असेल. बाबांनी एक हात सोडून कपाळाशी नेला, एजन्सीने शिकवलाय तसा. काचा वर होत्या, काळ्या. पायऱ्यांवरून मला त्यात फक्त फाटक दिसत होतं आणि बाबांचा खाकी शर्ट. मग गाडी पुढे आली, तू दुसऱ्या बाजूने उतरलास आणि लगेच मंत्र्यांच्या मागे गेलास. निघताना तुम्हाला मागच्या रस्त्याने काढलं.

बाबा घरी आले, शर्ट खुंटीला लावला आणि आईला म्हणाले, "भेटला."

आई म्हणाली, "कुठे? बोलला?"

"बोलतोय कसला, गाडीत होता. पण बघितलं त्याने. काचेवर आतून हात ठेवला, असा." आणि त्यांनी आपला पंजा हवेत उघडून दाखवला. "पूर्ण हात. मी पण मान हलवली."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, मीही पाहिलं.

दादा, त्या काचेतून काही दिसत नाही. मी नंतर केंद्राच्या आवारात उभ्या असलेल्या तशाच गाडीजवळ जाऊन, काचेला नाक लावून बघितलं. स्वतःचा चेहरा दिसतो, दुसरं काही नाही. पण आत कोण होतं आणि त्याने काय केलं, ते मला कसं कळणार? तुला माझं पत्र मिळालं होतं की नाही, तेही मला माहीत नाही.

नव्या अभ्यासाला किती काळ लागेल ते कुणी सांगत नाही. विमा आणखी वर्षभर वाढवलाय, म्हणजे बाबांचं काम आहे. ते खूश आहेत, खरंच. सकाळी दाढी करताना गुणगुणत होते. पॉलिशवाल्या काकांनी दुकान विकायला काढलंय.

मला भट्टीबद्दल काही नको आहे. कुणाची टेबलं, कुणाचे आदेश, ते राहू दे. आता तुझ्याकडून फक्त एक पत्र हवंय, हाताने लिहिलेलं, बाबांच्या नावाने. त्यात बाकी काही लिही, हवापाण्याचं लिही, पण काचेवर हात ठेवला होता हे लिही. ठेवला असशील तर आहेच. नसशील ठेवला, तरी लिही. त्यांचा चष्मा फुटलाय, पत्र मीच वाचून दाखवणार आहे, आणि मला न लिहिलेलं वाचता येईलही, पण माझा आवाज आईला लगेच कळतो.

वाट बघते.

बारकी