मासे वाढतात की गोळा होतात

बाबा,

समुद्रात उभ्या करायच्या पवनचक्क्यांचं काम माझ्याकडे आहे, अजून कागदावरच. खांबाच्या बुडाशी वाळू वाहून जाऊ नये म्हणून मोठे दगड टाकतात; त्यांचं गणित मी करते. दुसऱ्या देशांत अशा दगडांवर कालवं बसली, खेकडे आले, मासे आले. खांबांमधून तळ खरवडणारी जाळी ओढता येत नाहीत, म्हणून तळही हळूहळू सावरतो. हे वाचताना मला आपला बोदलकसा तलाव आठवला. उन्हाळ्यात तलाव आटला आहे, तुम्ही उघड्या गाळात बाभळीच्या फांद्या दगड बांधून रोवताय, मी काठावर बसले आहे. पाणी चढल्यावर त्या फांद्यांच्या कडेला लावलेल्या जाळ्यात जास्त मासोऱ्या लागायच्या. मी एकदा शहाणपणानं म्हटलं, "काट्यानं मासोऱ्या वाढून रायल्या."

"वाढून रायल्या का इकडून तिकडून गोळा होऊन रायल्या? तू पाण्यात जाऊन पायलीस का वो?"

"मंग काटे कायले टाकता?"

"चोराचं जाळं फाटते ना, बाई," म्हणून तुम्ही जाळं झटकत हसलात.

तुमचा तो प्रश्न आता माझ्या अहवालात आहे. साहेबांना 'मासे वाढतील' असं वाक्य हवं होतं. मी लिहिलं, की हे आत्ता सांगता येत नाही. खांब रोवण्याआधी वर्षभर तिथले मासे मोजावेत. नुसते जमत असतील तर कडेला थांबलेली बोट ते सगळे उचलून नेईल. मग आपण समुद्र सावरला नाही, मासे कुठं सापडतील ते फक्त दाखवलं. साहेब फोनवर म्हणाले, "अगं, वर्षभर कोण थांबणार? 'वाढतात' लिही आणि मोकळी हो." नाही लिहिलं तर काम दुसऱ्याकडे जाईल, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं. मला भांडायचं नव्हतं. मला खरंच कळून घ्यायचं आहे. फांद्या उपसताना तुम्हाला कधी अंडी, पिल्लं दिसली होती का? हे विचारायचं सुचलं तेव्हा तुम्ही नव्हतात.

आज फुलचूरच्या घरातून अहवाल पाठवला, माझंच वाक्य ठेवून. मोजणीच्या बोटीवर मी स्वतः जाईन, असंही लिहिलं. साहेबांचं उत्तर आलं, "वरचे काय म्हणतात बघू. बोट लागते का तुला, मळमळतं वगैरे?" मी 'नाही' कळवलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मी अजून समुद्र पाहिलेला नाही.